साडूचे पाय

"जगातलं कुठलंही भांडण एका टबभर पाण्यात मिटू शकतं!" रविवारची उपासना आटोपून घरी येताच मुद्रितशोधकांनी जाहीर केलं. आवाज असा लावला होता की वरच्या मजल्यावरच्यांचंही तारण व्हावं.

"मग न्या तो टब," आतून बायको म्हणाली. "आधी त्यातले भिजवलेले कपडे तेवढे पिळून ठेवा."

मुद्रितशोधक निवृत्त झाले होते, पण ते फक्त छापखान्यातून. रस्त्यात, घरात आणि चर्चमध्ये त्यांचं काम अजून चालूच होतं. दुकानांच्या पाट्या वाचताना ते चुकचुकत. प्रार्थनेला डोळे मिटत, तेही हातातल्या पत्रकातल्या चुका दिसू नयेत म्हणून.

त्या दिवशी पाळकांनी शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूवर प्रवचन दिलं होतं. गुरू गुडघे टेकतो, शिष्यांचे पाय धुतो आणि सांगतो, तुम्हीही एकमेकांचे धुवा. ऐकता ऐकता मुद्रितशोधकांच्या डोळ्यांपुढे एकदम दोन पाय उभे राहिले. साडूचे.

साडू, म्हणजे मेहुणीचे यजमान, धंद्याने प्लंबर. दोघांचं बोलणं सासऱ्यांच्या कबरीपाशी बंद झालं होतं. कबरीवरचा दगड प्लंबरांनी करवून आणला होता. वरची ओळही त्यांचीच, 'येथे शांतिने विसावले'. सगळी मंडळी माना खाली घालून उभी, पाळक प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात मुद्रितशोधकांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, 'शांति'ची पहिली वेलांटी खोडली आणि समासात दुसरी काढून दाखवली. दगडावर. प्लंबर एवढंच म्हणाले, "उद्या माझ्या दगडावर खुणा करायला येऊ नका म्हणजे झालं." तेव्हापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं संपलं. मुद्रितशोधकांचा बचाव असा, की काना-मात्राही नाहीशी होणार नाही असं खुद्द प्रभूने सांगितलंय, आणि वेलांटी ही काना-मात्रेच्याच घरातली.

पंचाईत झाली ती दोघी बहिणींची. त्या भाजीबाजारात प्रेमी युगुलासारख्या चोरून भेटायच्या. एक कोबी निवडायला त्यांना अख्खी सकाळ लागायची. आता ताई आणि भावोजी घर आवरून लांब, लेकीकडे, कायमचे निघाले होते. उद्या सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता.

"एकदा, एकदाच आपण चौघं एका खोलीत बसलोय असं मला बघायचंय," बायको आठवडाभर म्हणत होती. "नंतर कोबी निवडायलासुद्धा ताई नसेल."

"म्हणून तर चाललोय," मुद्रितशोधक टब विसळत म्हणाले. "मी त्यांना क्षमा करणार आहे."

"पेन्सिल तुमची होती. क्षमा त्यांनी करायची."

"तो तपशील झाला."

त्यांनी कमरेला टॉवेल बांधला, कारण शुभवर्तमानात तसं आहे. पाणी गरम होतं की गार, हे मात्र शुभवर्तमानात नाही. ते नजरचुकीने राहून गेलं असावं, असं त्यांचं मत पडलं. बायकोने पाणी कोमट केलं.

"पाणी त्यांच्याकडेही असेल की!"

"प्लंबरच्या घरच्या नळाचा भरवसा नसतो," ते म्हणाले आणि भरलेला टब घेऊन रस्त्याने निघाले, मागोमाग बायको. साडूच्या दारात पोचेपर्यंत पाणी निम्मं टबात आणि निम्मं विजारीत होतं.

दार प्लंबरांनीच उघडलं. मागे खोकी, दोऱ्या, गुंडाळलेल्या गाद्या. त्यांनी साडूकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, भिजलेल्या विजारीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांचं मौन सुटलं.

"कुठे गळतंय?"

"काय?"

"मुख्य नळ बंद केलात का? नसणारच केला. थांबा." ते आत वळले आणि बांधून ठेवलेली हत्यारांची पिशवी सोडायला लागले. "अगं, माझा मोठा पाना कुठल्या खोक्यात घातलास? यांच्या घरात पाणी शिरलंय!"

मुद्रितशोधकांनी वाटेत भाषण तयार केलं होतं, स्वल्पविरामांसकट. ते घशातच राहिलं. ज्याचं तोंड पाहत नव्हतो, तो एका शब्दाने जाब न विचारता पाना शोधतोय, हे त्यांच्या मूळ प्रतीत नव्हतं.

"गळत काही नाही, साडूभाऊ. मी तुमचे पाय धुवायला आलोय."

प्लंबर सावकाश उठले. "बरे आहात ना?"

"सकाळचं प्रवचन ऐकलंत ना?"

"ऐकलं. मीच येणार होतो तुमच्याकडे."

"येणार होते," ताई आतून म्हणाली. "पण ट्रक सुटल्यावर!"

"ते असू दे. बसा, मी धुतो तुमचे," प्लंबर म्हणाले. "पाण्याचं काम माझं."

"टब माझा आहे!"

"माझ्या पायांना कोणी हात लावायचा नाही."

"शिष्य पेत्रही आधी प्रभूला असंच म्हणाला होता."

"बरं. मी पेत्र," प्लंबर म्हणाले. "मग तुम्ही कोण?"

मुद्रितशोधकांनी टबात पाहिलं.

"आता बोला," बायको म्हणाली.

"तुमचं ठरेपर्यंत पाणी गार होईल आणि ट्रक दारात येईल." ताईने हे हसत सुरू केलं, पण पुढे तिचा आवाज बदलला. "मला जाताना माझी बहीण हवी आहे. बाजारातली नको. घरातली."

प्लंबर मुकाट्याने एका खोक्यावर बसले. खोक्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'जपुन'. उकार पहिला. तो मुद्रितशोधकांनी पाहिला. ते पाहताहेत, हे बायकोने पाहिलं. हात सवयीने खिशाकडे गेला. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि गुडघे टेकले.

"त्या दिवशी पेन्सिल काढायला नको होती," ते टबाला म्हणाले.

"वेलांटी चुकली होती, ठाऊक आहे मला." प्लंबर खिडकीबाहेर बघत होते. "पण उभ्या जन्मात एकच ओळ लिहिली मी. तीही सासऱ्यांसाठी."

"ओळ चांगली होती. ती एक चूक सोडली तर..."

बायको खाकरली.

"ओळ चांगली होती," मुद्रितशोधक म्हणाले आणि तिथेच पूर्णविराम दिला.

प्लंबरांनी मोजे काढले. पाय रुंद होते, टाचांना भेगा पडलेल्या. मुद्रितशोधकांनी एकेक पाय पाण्यात घेतला आणि एखादा जुना ग्रंथ हाताळावा तसा हळू चोळला. मागे गुंडाळलेल्या गादीवर दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. त्यातली कोणती हसत होती आणि कोणती रडत होती, हे सांगणं कठीण होतं, कारण त्या आळीपाळीने करत होत्या. प्लंबरांनी खिडकीबाहेरची नजर साडूकडे वळवली. ओठ हलले. मुद्रितशोधकांनी श्वास रोखून वर पाहिलं.

"साडूभाऊ..."

"बोला."

"खाली बसलाच आहात, तर जरा नखंही कापून द्या. मला हल्ली वाकवत नाही."