चवथीला यायचे घर

नगरपालिकेच्या बालगृहाचे मागचे दार तिन्हीसांजेला वाजते, अशी तक्रार माझ्याकडे आली ते साल १९६० असावे. स्थापत्याची पदविका घेऊन मी नुकताच ओवरसियर म्हणून रुजू झालो होतो. रस्ते, गटारे, विहिरी आणि शाळांची छपरे ही माझी कामे. दार आपोआप वाजत असेल तर ते काम कोणत्या सदरात घालावे हे मला कोणी शिकवले नव्हते; पण वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूला वाजवणारे कारण असते, एवढे शिकवले होते.

बालगृह बंदराच्या दक्षिणेस, पूर्वी मिठाची वखार होती त्या इमारतीत होते. भिंती जांभ्या दगडाच्या, भक्कम. पण मीठ त्यांच्यात इतके मुरले होते की आभाळ भरून आले की त्या आतून ओलावत. आईबाप नसलेली, आणि काही आईबाप असून नसल्यासारखी मुले तेथे राहत. त्यांची पालक नगरपालिका. त्यांना जेवण, कपडे आणि शाळा ती देई. अठरा वर्षे पूर्ण झाली की पत्र्याची एक पेटी आणि कुठल्यातरी कामाची शिफारस देऊन निरोपही देई. त्यानंतर त्या माणसाने बालगृहात मुक्काम करू नये, असा नियम होता. लहान मुलांत मोठ्यांची वस्ती नको, हे त्यामागचे कारण. आणि ते चुकीचे नव्हते.

मुलांचे सगळे पाहणाऱ्या राधाबाई वयाने पन्नाशीच्या पुढच्या, बालविधवा, बोलण्यात काटकसरी. मुले त्यांना राधाक्का म्हणत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला मागच्या पडवीत नेले, दाराकडे बोट दाखवले आणि "बगा काय ता" एवढेच म्हणून त्या आत निघून गेल्या.

मी बसून राहिलो. समुद्रावरून येणारा वारा सूर्य बुडताना पडला. काही वेळ सगळे निपचित झाले. माडाची झावळसुद्धा हलेना. मग दाराची लोखंडी कडी लाकडावर आपटली. थोडे थांबून पुन्हा आपटली. कोणी परका माणूस दबकत, घरच्यांना त्रास होऊ नये अशा बेताने वाजवतो, तसा तो आवाज होता.

आत पाटावर बसलेली सगळी मुले एका सुरात ओरडली, "आसंव, आसंव! येवा!"

आमच्याकडे कोणी दाराशी येऊन "आसात काय घरात?" असे विचारतो, तेव्हा आतून हेच उत्तर जाते. मुले उत्तर देऊन खिदळली आणि जेवू लागली. हसल्या नाहीत त्या दोघीच. राधाबाई वाढता वाढता थांबल्या होत्या. आणि आनंदी, बालगृहातली सर्वांत मोठी मुलगी, दाराकडे अशी पाहत होती, जशी एसटीच्या थांब्यावर उभी असलेली माणसे वळणाकडे पाहतात.

"कोण येता म्हणतत ही?" मी तिला विचारले.

"लवू," ती म्हणाली. "तुमका ठावक नाय? तुमी कट्ट्याचे मा! तुमच्याकडे भुतां पण बाजाराच्या दिवशीच येत असतली." कट्टा हे माझे गाव, आठवडी बाजाराचे.

लवूची हकीकत मला बाबली मेस्त्रीने सांगितली. बाबली नगरपालिकेचा सुतार. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दार उतरवायला गेलो, तेव्हा रंधा मारता मारता तो बोलत होता. लवू याच बालगृहात वाढला. अठराव्या वर्षी त्याला वेंगुर्ल्याला एका गलबतावर खलाशाचे काम मिळवून दिले. दोन वर्षांपूर्वी, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, तो परत आला. त्या दिवसांत मुंबईपासून कोचीपर्यंत पांगलेला इथला प्रत्येक माणूस आपापल्या घरी येतो, तोही आला. दार बंद होते. त्या रात्री तो धक्क्याला बांधलेल्या एका होडीत झोपला. पहाटे वादळ झाले. होडी सापडली, तो सापडला नाही.

"दार बंद कित्याक होता?" मी विचारले.

बाबलीने रंधा थांबवला नाही. "ता राधाक्काक इचारा. नाय तर नकोच इचारू. मी आपलो लाकडाचो माणूस. माणसांचे सांधे माका जुळवूक येणत नाय."

मी विचारले नाही. मी कारण शोधले, आणि ते सापडले. बालगृहामागे समुद्राच्या अंगाला दगडी गडगा, कुंपणाची भिंत, होता. त्याच वादळात तो पडला आणि पुन्हा बांधला गेला नाही. दिवे लावायच्या वेळी वारा उलटतो. खारा वारा पडून जमिनीवरचा मतलई वारा सुटतो. गडगा नसल्याने तो इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूने मोकळा फिरे, आणि सैल झालेली कडी हलवी. ज्या वादळाने लवूला नेले, त्यानेच ही कडी बोलती केली होती. यात गूढ काही नव्हते. मी कोयंड्याखाली चामड्याची पट्टी ठोकली, कडीला आकडा बसवला, गडग्याचे काम मंजुरीसाठी पाठवले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. वारा पडला. झावळ्या स्तब्ध झाल्या. मग वारा उलटला आणि दार गप्प राहिले.

मुले वाट पाहत होती. घास हातात घेऊन ती बसून राहिली. शेवटी सत्यवती नावाची एक चिमुरडी रडू लागली. "लवूदादा येवक नाय. ह्येंनी तेका भायर ठेवल्यानी."

मी त्यांना वारा समजावून सांगितला. पाटीवर बाणही काढून दाखवले. मोठ्या मुलांना ते पटले असावे, कारण त्यांनी माना हलवल्या. पण त्या दिवसापासून जेवताना कोणी ओरडले नाही, आणि खिदळलेही नाही. बालगृह इतके शांत झाले की भिंतीतून मिठाचे पाणी पाझरताना ऐकू यावे. राधाबाई संध्याकाळी पडवीत येऊन त्या बंद दाराला पाठ लावून उभ्या राहू लागल्या. जणू आता आवाज येणार नाही याची त्यांना आवाजापेक्षा जास्त भीती होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आनंदीचा प्रश्न उभा राहिला. तिला अठरावे सरत होते. शिक्षणात ती हुशार. रत्नागिरीच्या दवाखान्यात परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळाली होती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हजर व्हायचे होते. त्याच सुमारास कट्ट्याच्या एका दुकानदाराने, सत्यवान त्याचे नाव, तिला मागणी घातली. मी त्याला माझ्या लहानपणापासून ओळखत होतो. माणूस वाईट नव्हता. बिजवर होता, आणि त्याचा थोरला मुलगा आनंदीपेक्षा मोठा होता.

आनंदीने दवाखान्याला नकार कळवायचे ठरवले.

हे कळले तेव्हा मी बालगृहात छपराच्या वाशांची पाहणी करत होतो. मी शिडीवरून खाली उतरलो.

"तुका खुळ लागला काय गो?" मी म्हणालो. "तीन वर्षांत नर्स होशीत. कोणाक इचारूची गरज उरूची नाय."

"आणि चवथीक?"

"चवथीक काय?"

"थंयच्या सगळ्या पोरी घराक जातल्यो. मी खंय जाव? धक्क्यार?" ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. "तेच्याकडे दार आसा, ओवरसियरानु. म्हातारो आसा, पण दार आसा. कोणी माका भायर उभी करूचा नाय."

"लवूचा येगळा होता."

"येगळा काय होता? तो पण हयलोच, ह्याच घरातलो. आमी सगळी हयलीच." तिने घडी दाबून बसवली. "माका भुताची भीती नाय. माका भूत होवची भीती आसा. परतान येवक जागा नसली की माणूस तसोच फिरत ऱ्हवता, जिवंत आसलो तरी. आदी तो वाजवी तरी. तुमी ता पण बंद केल्यात."

मी अध्यक्षांकडे गेलो. गुरुदासराव वकील होते, आणि काटेकोर असले तरी कठोर नव्हते. बालगृहातून गेलेल्या मुलांना निदान चवथीला येऊन राहता यावे, त्यासाठी मागची एक खोली दुरुस्त करावी, असा प्रस्ताव मी मांडला. त्यांनी तो समितीपुढे ठेवला. चर्चा कार्यालयाच्या शुद्ध भाषेत झाली.

"प्रस्ताव सहृदय आहे," गुरुदासराव म्हणाले. "परंतु नगरपालिकेचे पालकत्व अठराव्या वर्षी संपते. संपलेल्या नात्याच्या आधारे आपण खोली कशी देणार?"

एक सभासद म्हणाले, "आज चवथीला येतील, उद्या शिमग्याला येतील, परवा बायकामुले घेऊन येतील."

"घरात तसेच येतात," मी म्हणालो.

"ओवरसियर, हे घर नव्हे. ही संस्था आहे."

राधाबाईंना माहिती देण्यासाठी बोलावले होते. त्या दारापाशी बाकावर बसल्या होत्या. त्यांना अजून कोणी काही विचारले नव्हते. त्या उठल्या.

"साहेब, दोन वर्षांपूर्वी लवू आला तेव्हा मी आत होते," त्यांनी कार्यालयाच्या भाषेत सुरुवात केली. "त्याने आवाज दिला. मी ओळखला. मी दाराला हात लावून उभी होते. नियम आहे, तेव्हा..." इथे त्यांची ती भाषा संपली. "मी उघडूक नाय. न्हान असताना तो माझ्या कुशीत निजलो. तो भायर, मी भितर. मदी एक फळी. तो म्हणालो, 'राधाक्का, आसस मा?' आणि मी... मी आसंय म्हणूक नाय. तेका वाटला, कोणी नाय. असो गेलो तो."

बाहेर मामलेदार कचेरीचे टोल पडले.

"खोली देवा, नाय तर नको," राधाबाई म्हणाल्या. "पण त्या आनंदीसाठी मी आज सगळ्यांसमोर सांगतंय. ती इली, तर मी उघडतलंय. मगे तुमी माका काढून टाका."

खोली मंजूर झाली. 'चवथीच्या सणापुरती' असे शब्द गुरुदासरावांनी स्वतः घातले, आणि नंतर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढचे पुढे पाहू." आनंदीला मी ते सांगितले तेव्हा तिने ठरावाबद्दल काही विचारले नाही. "राधाक्का काय म्हणाली?" एवढेच विचारले, आणि माझे सांगून झाल्यावर पुन्हा एकदा सांगायला लावले. जूनमध्ये ती रत्नागिरीच्या एसटीत बसली. सत्यवानाला नकार सांगायचे काम माझ्याकडे आले. तो बराच वेळ तराजूची पारडी पुसत राहिला आणि म्हणाला, "बरा झाला. माझो थोरलो झील माझ्याशी बोलनासो झाल्लो."

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी मी खोलीचे छप्पर गळत नाही ना ते पाहायला बालगृहात गेलो होतो. पाऊस एकसारखा लागला होता. मुले पुढच्या पडवीत, गणपतीवर टांगायच्या लाकडी माटवीला बांधायला कवंडळाची फळे, आंबाड्याचे डहाळे, हरणाची रानफुले निवडत बसली होती. मी आणि राधाबाई मागे होतो. तेवढ्यात दारापलीकडे चिखलात पावले वाजली.

"आसात काय घरात?"

आवाज आनंदीचा होता, यात मला शंका नव्हती. राधाबाई दाराशी गेल्या. त्यांनी अडसराला हात घातला आणि तो हात तेथेच राहिला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मानेच्या शिरा दिसत होत्या. मी पुढे होऊन दार उघडू शकलो असतो. एक पाऊल टाकलेही, आणि थांबलो. हे माझे काम नव्हते.

मग आनंदी पुन्हा म्हणाली, आता अगदी हळू, "राधाक्का, आसस मा?"

"आसंय," राधाबाई म्हणाल्या. "आसंय, आसंय रे. येवा. दोघांय येवा."

अडसर निघाला. दारात आनंदी भिजून उभी होती, डोक्यावर इरले, हातात पत्र्याची पेटी. राधाबाईंनी तिला पाहिले, तिच्या गालावरून हात फिरवला, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे, पडलेल्या गडग्याकडे आणि पावसाकडे पाहत राहिल्या. मग आत गेल्या आणि पाय धुवायला पाणी घेऊन आल्या. दोन्ही हातांत एकेक तांब्या होता.

आनंदीने माझ्याकडे पाहिले. मी मागे सरकून वाट दिली.

तिने एक तांब्या घेऊन आपले पाय धुतले. मग ती पायरीवर जरा बाजूला सरकली, दुसरा माणूस उभा राहील एवढी. खाली बसून तिने दुसऱ्या तांब्याचे पाणी त्या मोकळ्या पायरीवर सावकाश ओतले. एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. पदराने ती जागा पुसली.

"बरो भिजलो हा," ती राधाबाईंना म्हणाली. "तेका पयलो चाय दी."