न उचललेले फोन

घुमीला जनावरांची भीती कधी वाटली नाही, आकड्यांची मात्र वाटायची. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी ही डॉक्टरीण, पण संख्याशास्त्राचा तास सुरू झाला की हिच्याच पोटात गोळा! मग जनावरांच्या साथींचा अभ्यास करायला गेली कशाला म्हणाल? हौस, दुसरं काय. दवाखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि वडिलांचं न ऐकता परक्या शहरात पदव्युत्तर शिकायला आली. "सुखाचा जीव दुःखात घालतेस," एवढंच ते म्हणाले होते.

घुमी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी रुसली की तोंड उघडायची नाही म्हणून. हा गुण तिच्यात आला कुठून, ते मात्र कधी सांगितलं नाही. खाण तशी माती!

तर झालं असं, की पहिल्याच परीक्षेत आमची डॉक्टरीण संख्याशास्त्रात नापास झाली. त्या दिवसांत वडिलांचे फोन येत राहिले आणि ही स्क्रीनकडे बघत बसली. उचलून सांगणार काय, कपाळ? पुढे जरा सावरली आणि तिनं फोन केला, तर आता ते उचलेनात. एकदा नाही, चांगले पाच-सहा वेळा. "रुसलेत," तिनं ठरवून टाकलं. "बसू देत."

बसू देत म्हणणं सोपं असतं. हॉस्टेलच्या खोलीत एक खाट, एक टेबल आणि समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी खिडकी. रविवारी दिवसभर कुणाशी शब्द नाही. संध्याकाळी दुकानात ब्रेड मागायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी उरले होते ते वडील आणि ठिपकी गाय. ठिपकीला घुमीनं कॉलेजात असताना स्वतःच्या हातानं ओढून जगात आणलं होतं. त्या दोघांची तिला इतकी आठवण यायची, की कधी कधी ताट तसंच ठेवून ती उठायची. पण आधी नमतं कोण घेणार?

प्रबंधासाठी तिनं वासरांच्या हगवणीचा विषय घेतला होता. हंगामाच्या शेवटी नोंदवलेल्या प्रत्येक गोठ्याला फोन करायचा आणि विचारायचं, वासरं कशी आहेत? बऱ्याच जणांनी उचलला, बऱ्याच जणांनी नाही. न उचलणाऱ्यांना हिनं सरळ वगळलं आणि उरलेल्यांवर गणित मांडलं. उत्तर तर झकास आलं, वासरं जवळजवळ मेलीच नव्हती! पहिल्यांदाच आकडे तिच्याशी गोड बोलले. खुशीत ती गाईड मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांचं काय केलंस?"

"वगळले, मॅडम. त्यांची माहितीच नाही."

"माहिती नाही, की त्यांना द्यायची नाही? अगं, न उचलणारे आणि उचलणारे सारखेच, हे तुला कोणी सांगितलं?" मॅडमनी कागद परत तिच्याकडे सरकवले. "जा, त्यातल्या दोन-चार गोठ्यांवर स्वतः जाऊन ये. मग मला सांग."

तोंड एवढंसं करून ती बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बस पकडून शहराबाहेरच्या पहिल्या गोठ्यावर पोचली. मालक झाडलोट करत होता. वासरांचा कोपरा स्वच्छ होता, नको तितका स्वच्छ. दावी गुंडाळून खुंटीला टांगलेली.

"सगळी गेली," तो झाडू न थांबवता म्हणाला. "तुमचा नंबर ओळखला मी. पण तुम्ही विचारणार, वासरं कशी आहेत. काय सांगायचं, बाई? सांगितलं की पुन्हा एकदा मेल्यासारखं होतं."

घुमीनं वहीत त्याची नोंद केली. पुढच्या गोठ्यावर जायचं म्हणून ती स्टॉपवर येऊन उभी राहिली आणि तिथेच तिला बाबांनी न उचललेले फोन आठवले. रुसलेत? कुणी सांगितलं रुसलेत? नापास झाल्यावर ती स्वतः काय रुसली होती?

तिनं घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग शेजारच्या काकूंना लावला.

"मी सांगितलं म्हणू नकोस हं," काकू हळूच म्हणाल्या. "पण धड जेवत नाहीत गं ते. नुसते गोठ्यात बसून असतात. थांब, फोन नेऊन देते."

चपलांचा आवाज, कडी, मग खोकला.

"काय गं घुमे, अभ्यास कसा चाललाय?"

"ठिपकी कशी आहे, बाबा?"

"ठिपकी? बरी आहे की."

घुमीनं डोळे मिटले. हंबरणं नाही, घंटा नाही, काही नाही. माणूस गोठ्यात बसलेला आणि फोनमध्ये एवढी शांतता!

"बाबा, मी नापास झाले. म्हणून तुमचे फोन उचलत नव्हते."

समोर बस आली, थांबली. ती चढली नाही.

"ठिपकी गेली गं," वडील म्हणाले आणि त्यांना रडू फुटलं. "पोट फुगलं होतं. तुला लावत होतो, काय करू विचारायला. रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो मी. एकटाच."

बस निघून गेली. घुमी रस्त्याच्या कडेला खालीच बसली. स्क्रीनवर वाजत राहिलेला तो फोन तिच्या डोळ्यांपुढे आला.