गवत-कडब्याचं पायदळ

गवळ्याच्या बारा म्हशी रोज दुपारी ओढा ओलांडून माझ्या मक्यात शिरायच्या. वर्षाचं पोट त्या मक्यावर, आणि चार ओळी आधीच फस्त झालेल्या. सांगायला गेलं तर मेला दात काढायचा. "मुकं जनावर वहिनी, त्याला काय बांध कळतो?"

आमचे हे नुसते चरफडायचे. शेवटी धाकटे भावजी उठले. पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस, मिशीसुद्धा सावधान उभी! म्हणाले, "वहिनी, विमान उडून जातं, जहाज पाण्यात राहतं. जमीन राखायची तर तिच्यावर माणूसच उभा राहावा लागतो. आपण पायदळ उभारू."

"या नांगर धरणाऱ्यांचं?"

"मग देशाचं सैन्य काय आभाळातून पडलं? असेच नांगर सोडून आले होते सगळे!"

झालं. सुतार, लोहार, शिंपी, आमचे हे, असे सात जण जमले. पण डावं-उजवं म्हटलं की सगळा आनंदच. शिंपी दर वळणाला लोहारावर आपटायचा. मग भावजींनी प्रत्येकाच्या डाव्या पायाला हिरवं गवत बांधलं, उजव्याला कडबा. "गवत! कडबा! गवत! कडबा!" आणि काय सांगू, ओळीत चालायला लागले की हो! ह्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण उडालं.

तेवढ्यात म्हशी आल्या. सैन्य काठ्या उगारून बांधावर उभं. म्हशींनी मक्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. घरपोच चारा आलेला असताना मका मोडायचे कष्ट कोण घेतं? पुढचीनं सरळ शिंप्याच्या पायाला तोंड घातलं.

"अगं आई गं! पळा!"

"जागा सोडायची नाही!" भावजी ओरडले, आणि सगळ्यांच्या पुढे तेच पळाले. मागे सैन्य, सैन्यामागे बारा म्हशी. ओढा ओलांडून थेट गवळ्याच्या गोठ्यात घुसले, तेव्हा कुठे पायांचं सोडून फेकलं.

त्या दिवशी मक्याचं एक कणीस तुटलं नाही. मी पोट धरून हसले, आणि खरं सांगते, थोडी रडलेही.

"शत्रूला हद्दपार केलं," भावजी धापा टाकत म्हणाले.

"त्याच्या पुढे पळून?"

"त्याला डावपेच म्हणतात, वहिनी."

संध्याकाळी गवळी दारात उभा. भांडायलाच आला म्हणून मी पदर खोचला. तर हा हात जोडून म्हणतो, "वहिनी, माझ्या म्हशी इतक्या वेळेवर कधी घरी आल्या नव्हत्या. तुमचं सैन्य रोज पाठवाल का? तांब्याभर दूध देईन."

भावजी कडाडले, "सैन्य भाड्यानं मिळत नाही!"

पण आमचे हे केव्हाच खाली बसून पायाला हिरवं गवत बांधत होते. तेही उजव्या.