एकशे बारा वेळा सर्व ठीक

हॅल्डविकच्या आर्चडीकनपदाला यंदा नऊशे वर्षं झाली आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं कसलं, मीच मान पुढे केली होती. तीन आर्चडीकनांची चिटणीस म्हणून एकतीस वर्षं मी त्या कचेरीत काढली. कुठला कागद कुठल्या कपाटात आहे हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आयव्ही कॉप्सी म्हणजे चालतंबोलतं दफ्तर, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आर्चडीकन म्हणजे बिशपचा डोळा. बिशप कॅथेड्रलात बसणार. कुठल्या गावाच्या चर्चचं छप्पर गळतंय, कुठला पाद्री प्यायलेला असतो, कुठल्या घंटेचा दोर कुजलाय, हे बघत हिंडायचं ते आर्चडीकननं. सुरुवातीचे आर्चडीकन घोड्यांचा ताफा घेऊन यायचे आणि परत गेले की गावात कोंबडी शिल्लक नसायची. असल्या माणसाला स्वर्ग मिळेल का, यावर म्हणे तेव्हाचे पंडित वाद घालत बसायचे. ही सगळी गंमत मी पहिल्या चाळीस पानांत घातली आणि लिहिताना मनापासून हसले.

मग मी वॉर्डनांच्या उत्तरांकडे वळले. प्रत्येक गाव आपल्या चर्चची देखभाल करायला वॉर्डन निवडतं. दर वर्षी आर्चडीकन त्यांना लेखी प्रश्न पाठवतो, ते लेखी उत्तरं देतात आणि मे महिन्यात त्याच्यापुढे पदाची शपथ घेतात. चारशे वर्षांची उत्तरं दफ्तरात आहेत. मी वाचायला घेतली. भिंती? सर्व ठीक. पाद्री? सर्व ठीक. पुढचं गाव, सर्व ठीक. ज्या वर्षी प्लेगनं निम्मा प्रांत गेला, त्या वर्षीही सर्व ठीक. कुणाला उगीच कटकट नको होती. तक्रार लिहिली की चौकशी, चौकशी आली की वकील, आणि शेजाऱ्याशी कायमचं वाकडं. त्यापेक्षा दोन शब्द लिहावेत आणि घरी जाऊन जेवावं.

यावर मी एक खुसखुशीत परिच्छेद लिहिला आणि पुढच्या पानासाठी १९७८ चा गठ्ठा काढला. एकशे बारा गावं, एकशे बारा कागद, सगळे माझ्या हातचे लावलेले. आणि माझं हसू तिथंच वाळलं.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आर्चडीकन पेलिंग हे उंच, देखणे, थोडे विसराळू गृहस्थ होते. दर वर्षी शपथेच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी यायचे, चष्मा काढायचे आणि विचारायचे, "काय मिस कॉप्सी, यंदाही सगळं आलबेल ना?" मी म्हणायची, "हो साहेब. एकशे बारापैकी एकशे बारा." ते हसायचे. त्या हसण्यासाठी मी वर्षभर राबायची. आता सांगायला लाज वाटते, पण खरं ते हे.

त्या वर्षी ऑल्डरवेलचा कागद आला, तो टाचणी लावून. गावचा वॉर्डन एमॉस थर्टल, चाकं आणि गाड्या दुरुस्त करणारा, एकेचाळीस वर्षांचा, अविवाहित. बहिणीबरोबर राहायचा. प्रश्नांच्या रकान्यांत त्यानं काहीच लिहिलं नव्हतं. टाचलेल्या पत्रात सगळं होतं. ते पत्र मला तोंडपाठ आहे.

'उत्तरेच्या दारावरच्या कठड्याचा तिसरा दगड हातानं हलतो. शिडी लावून मी स्वतः पाहिला. शनिवारी बायका त्याच दाराशी बसून फुलं निवडतात. आपल्या परवानगीशिवाय मला दगडाला हात लावता येत नाही. थंडीत बर्फ धरायच्या आत कुणाला तरी पाठवा.'

परवानगीचं त्यानं लिहिलं ते खरं होतं. आमच्याकडे आर्चडीकनच्या सहीशिवाय चर्चचा खिळाही उपटता येत नाही.

मी त्याला फोन केला. "मिस्टर थर्टल, अहो, कागदाला असं पत्रबित्र जोडायचं नसतं. नोंद झाली की प्रकरण थेट वकिलाकडे जातं. वर्षभर लटकेल तुमचा दगड. त्यापेक्षा रकान्यात 'सर्व ठीक' लिहा आणि शपथेच्या दिवशी चहाच्या वेळी साहेबांच्या कानावर घाला. दोन मिनिटांत काम होईल."

"पण बाई, ठीक नाहीये ना ते."

"सगळे तसंच लिहितात हो. ती पद्धत आहे."

"बरं. तुम्हाला जास्त कळतं."

तो सायकलवरून अकरा मैल आला, माझ्यासमोर दोन शब्द लिहून सही केली. टाचणी मी काढली. पत्र ड्रॉवरमध्ये, तिकिटांच्या डब्याखाली सरकवलं. नंतर साहेबांना दाखवीन म्हटलं. एकशे बारापैकी एकशे बारा झाले होते.

शपथेच्या दिवशी साहेबांभोवती बड्या लोकांचं कडं होतं. एमॉस कप हातात धरून अर्धा तास लांब उभा राहिला. मध्ये घुसून बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो शेवटी कप ठेवून निघून गेला, हे मी पाहिलं. पाहिलं आणि सँडविचचं ताट घेऊन दुसरीकडे गेले. पत्र मी विसरले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तिकिटं मी रोज काढत होते.

जानेवारीत बर्फ पडलं. तिसऱ्या शनिवारी तो दगड खाली आला. दाराशी हेस्टर थर्टल होती, एमॉसची बहीण. गुडघ्याखालचा पाय असा चिरडला की पुढे ती जन्मभर काठीवर चालली.

चौकशी त्याच चर्चच्या मागच्या खोलीत झाली. आर्चडीकन, एमॉस आणि टिपणं घ्यायला मी. साहेबांनी एमॉसची सही असलेला कागद त्याच्यासमोर ठेवला.

"मिस्टर थर्टल, इथे तर सर्व ठीक लिहिलंय."

"हो साहेब. पण मी पत्रही दिलं होतं. दगडाचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पत्र होतं का, मिस कॉप्सी?"

एमॉसनंही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागबिग काही नव्हता. आता बाई सांगतील आणि प्रश्न मिटेल, असा भरवसा होता.

मी म्हणाले, "फाईलमध्ये नाही, साहेब."

शब्दाला शब्द खरं होतं. पत्र फाईलमध्ये नव्हतं, ड्रॉवरमध्ये होतं. माझी म्हातारी आई घरी होती, नोकरी गेली असती, साहेबांची नाचक्की झाली असती, अशी कारणं मी नंतर ढिगानं गोळा केली. त्या क्षणी यातलं एकही मनात नव्हतं. माझी चूक उघडी पडेल, एवढीच भीती होती.

 "सही माझीच आहे," एवढंच एमॉस म्हणाला. वॉर्डनची पितळी टोकाची काठी असते, ती त्यानं स्वतःहून भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर पडला. गावानं त्याला नाव ठेवलं 'सबठीक'. दारूच्या गुत्त्यात शिरला की कुणीतरी ओरडायचं, "काय सबठीक, छप्पर शाबूत आहे ना रे?" पुढे त्यानं तिथं जाणं सोडलं.

हे सगळं मला ठाऊक होतं. पेलिंगसाहेब वारले, त्यांच्यानंतर दोघे येऊन गेले, मी निवृत्त झाले आणि ते पत्र माझ्याबरोबर घरी आलं. जाळायला हात झाला नाही. दफ्तर सांभाळणाऱ्या बाईला कागद जाळता येत नाही. माणूस जाळता येतो.

आणि तरी, पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यात पान एकसष्टवर मी काय लिहिलं असेल? 'वॉर्डनच्या हलगर्जीपणामुळे ऑल्डरवेल येथे अपघात झाला.' सवयीनं हात तसाच चालला.

हल्लीच्या आर्चडीकन जुडिथ ऑल्डसबाई पायात बूट घालून स्वतः छपरावर चढणाऱ्या आहेत. त्यांनी खर्डा वाचून परत दिला. "छान झालंय, आयव्ही. फक्त पान एकसष्ट बघा. या वॉर्डनची बाजू कुठंच नाही. जिवंत आहेत का ते? एकदा जाऊन विचारून या ना."

ऑल्डरवेल माझ्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर. तीन आठवडे मी गेले नाही. एकदा गेले, थांब्यावर उतरले आणि समोरून येणाऱ्या बसमध्ये बसून परत आले. शेवटी मी पान एकसष्ट नव्यानं लिहिलं. एमॉसचं पत्र जसंच्या तसं छापलं आणि खाली लिहिलं की हे पत्र कचेरीत मिळालं होतं, चिटणीस आयव्ही कॉप्सी हिनं ते दाबलं आणि विचारल्यावर दडवलं. लिहिताना मला बरं वाटलं, हे मुद्दाम सांगते. कागदावर कबूल होणं सोपं असतं. कागद माझ्याकडे बघत नाही.

जुडिथबाईंनी ते वाचलं.  मग म्हणाल्या, "त्यांना भेटून आलात?"

"जाणारच आहे," मी म्हणाले.

गेले नाही.

पुस्तक यंदाच्या मे महिन्यात, शपथेच्या दिवशीच निघालं. सगळ्या गावांचे वॉर्डन जमले होते, जुन्या वॉर्डनांनाही बोलावणं होतं. शपथ झाल्यावर जुडिथबाईंनी मला पुढे बोलावलं. "एक पान वाचा. कुठलं ते तुम्ही ठरवा." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी पान एकसष्ट काढलं.

वाचता वाचता मला तो दिसला. मागून तिसऱ्या बाकावर, ब्याऐंशी वर्षांचा एमॉस, करड्या कोटात, गुडघ्यांवर हात ठेवून. मी त्याचं नाव वाचलं, पत्र वाचलं, माझं नाव वाचलं.  सगळे माना वळवून त्याच्याकडे बघायला लागले. कुणी तोंडावर हात ठेवला. मी खाली बसले. संपलं एकदाचं, असं वाटलं.

चहाच्या वेळी तोच एका हातात कप धरून काठी टेकत माझ्याकडे आला. कानातलं यंत्र शीळ घालत होतं. त्यानं कप टेबलावर ठेवला, ते काढलं आणि तळहातावर आपटलं.

"मिस कॉप्सी, हे मेलं इतक्या लोकांत चालत नाही. तुम्ही माझं नाव घेतलंत का हो? सगळे वळून बघत होते." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "आता परत काय केलं मी?"

त्याला एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. एवढ्या लोकांत पुन्हा एकदा त्याची शोभा झाली, एवढंच त्याला कळलं होतं.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि सांगायला लागले. तो म्हणाला, "मोठ्यानं." मी आवाज चढवला. "अजून मोठ्यानं, बाई." शेवटी मी ओरडलेच, "पत्र तुम्ही दिलं होतंत! माझ्या ड्रॉवरमध्ये होतं! मी खोटं बोलले!"

कपबशांचा आवाज बंद झाला. शंभरएक माणसं आमच्याकडे बघत होती, आणि मी बघत होते फक्त त्याच्या तोंडाकडे. तेच तर चाळीस वर्षं टाळलं होतं.

"म्हणजे दिलं होतं मी," तो म्हणाला.

"हो."

"हेस्टर दर नाताळला विचारायची. एमॉस, खरं सांग, लिहिलं होतंस ना रे पत्र? चिडून नाही, सहजच. मी म्हणायचो, लिहिलं होतं. ती म्हणायची, मग बरं. पण तिचा विश्वास नव्हता. शेवटी शेवटी..." तो थांबला. "शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं की लिहिलं नसेल. आपलं आपण ठरवून घेतलं असेल. आजारात तिनं परत विचारलं, तेव्हा मी म्हणालो, नसेल लिहिलं गं. माफ कर. आणि तिनं केलं माफ."

हेस्टरला जाऊन सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत, आणि त्याआधीच्या चौतीस वर्षांत, कुठल्याही दिवशी मला वीस मिनिटांच्या बसनं तिथं जाता आलं असतं.

मी पर्समधून पत्र काढून त्याच्या हातात दिलं. घडीवर टाचणीची दोन भोकं होती. त्यानं ते डोळ्यांजवळ धरलं आणि ओळीवरून अंगठा फिरवत हळूहळू वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. मी 'माफ करा' म्हणाले, ते त्याला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, आणि या खेपेला मोठ्यानं म्हणायचा मला धीर झाला नाही.

"माझंच अक्षर आहे," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. पत्राची नीट घडी घालून त्यानं ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, टेबलावरचा आपला कप उचलून माझ्या हातात दिला आणि दाराकडे चालू लागला.