सिस्टरबाईंच्या गाडीचं तेल

सिस्टरबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा कुठे त्यांनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. पेशाने त्या नर्स. घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं हे त्यांचं काम, आणि पेशंट तर शहराच्या चारी टोकांना विखुरलेले. बाईंचा स्वभाव मुळातच ठाम. देवाकडे मागतानाही त्या आढेवेढे घेत नसत. गाडी हवी आहे, जुनी चालेल, पण सुरू होणारी हवी, एवढंच त्यांनी प्रार्थनेत सांगितलं आणि देवाला विचार करायला आठवडाभराची मुदत दिली.

मुदत संपायच्या आतच एका पेशंटच्या शेजारची गाडी विकायला निघाली. मालक म्हातारा, वाद्यं दुरुस्त करणारा. नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. त्याने किंमत इतकी कमी सांगितली की बाईंना घासाघीस करायचीच लाज वाटली. वर गाडीच्या खोडीही त्यानेच सांगून टाकल्या. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप लागत नाही, हीटर आपल्या मर्जीने चालतो, आणि इंजिन थोडं तेल पितं. बाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्याला वाटलं, बाई इंजिनाचा ताप बघताहेत. गार आहे, सकाळपासून सुरूच केलेली नाही, असं त्याने घाईघाईने सांगितलं. बाईंनी शांतपणे ‘आमेन’ म्हणून किल्ली हातात घेतली.

खरं तर विचारायला घरचाच माणूस होता. बाईंच्या धाकट्या भावाचं गॅरेज होतं. त्याची पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस निरोप घेऊन गेले होते, तरी घरात तो अजून बाळच. पण गाडी घेताना बाईंनी बाळला मुद्दामच विचारलं नाही. त्यामागे त्यांचा एक डाव होता.

बाळची बायको गेली तेव्हापासून त्याने मंडळीत पाऊल टाकलं नव्हतं. मंडळी म्हणजे एका छोट्या सभागृहात दर रविवारी उपासनेला जमणारी मोजकी कुटुंबं. तिच्या आजारपणात या सगळ्यांनी जीव तोडून प्रार्थना केली होती, आणि तरी ती गेली. बाळ कुणाशी भांडला नाही की कुणाला टाकून बोलला नाही. नुसता यायचा बंद झाला. बाईंच्या जिवाला ही एकच गोष्ट लागून राहिली होती. आपल्या पाठीमागे हा एकटा पडेल, आणि देवावर रुसलेलाच राहील, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे.

म्हणून हा डाव. गाडी देवाने दिलेली, बाळच्या सल्ल्याशिवाय घेतलेली. ती ठणठणीत चालली, की वर ऐकणारा कोणीतरी आहे हे बाळला कबूल करावंच लागेल. त्याच दुपारी बाईंनी गाडी थेट गॅरेजच्या दारात नेऊन उभी केली.

“कुणाला दाखवून घेतलीस?” बाळने विचारलं.

“ज्याला दाखवायची त्याला दाखवली.”

बाळने बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करून कान लावला, गाडीखाली डोकावून आला. वयाच्या मानाने बरी आहे म्हणाला, पण तेल पिते, तेल मोजायची पट्टी काढून अधूनमधून बघत जा. मग हात पुसता पुसता त्याने टोला हाणलाच. देवाने दिली ना, मग बंद पडली की त्यालाच बोलाव.

“बंद पडणार नाही,” बाई म्हणाल्या. “आणि थंडी संपेपर्यंत चालली, तर एक रविवार तू माझ्याबरोबर यायचं.”

“चालली तर बघू.”

बाळच्या ‘बघू’चा अर्थ आजवर ‘नाही’ असाच असायचा. या वेळी त्यात थोडी फट आहे असं बाईंना वाटलं, आणि तेवढी त्यांना पुष्कळ होती.

रविवारी प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली तेव्हा बाई उभ्या राहिल्या. गाडी तेल पिते इथपासून बाळच्या ‘बघू’पर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, देवाला असं पैजेवर लावू नये असं हळूच सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, पैज नाही, विश्वास आहे. पाळकांनी विषय वाढवला नाही. बाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता.

आता या मंडळीची एक शिस्त सांगायला हवी. इथे मदत करायची ती गुपचूप. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की कुणाच्या दारात भाजीची पिशवी ठेवून पळ काढताना माणसं जिन्यात एकमेकांवर आदळायची. आणि आदळली तरी कोण आलं होतं, का आलं होतं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

गाडी पळू लागली. बाई गाणी म्हणत पेशंटकडे जायच्या, पूर्वीपेक्षा लवकर घरी यायच्या, आणि बाळला फोन करून रोजचा अहवाल द्यायच्या. पट्टी काढून बघणंही त्यांनी चुकवलं नाही. तेल भरलेलं. दुसऱ्या खेपेला बघितलं, तरी भरलेलं. तिसऱ्या खेपेला तर वरच्या खुणेच्याही वर चढलेलं. एका विधवेच्या बुधल्यातलं तेल दुष्काळभर संपलंच नाही, ही बायबलमधली गोष्ट बाईंना लहानपणापासून पाठ होती. त्या गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना भरून आलं. एरवी इंजेक्शनात औषधाचा थेंब जास्त जाऊ न देणारी बाई, पण इथे जास्त झालेलं तेल बघून तिला फक्त आशीर्वाद दिसला.

पट्टी आधी पुसून मग बघतेस ना, असं बाळने फोनवर विचारलं. सगळा जन्म पुसापुशीतच गेलाय माझा, असं बाईंनी सुनावलं.

पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर साक्ष दिली. तेल पिणारी गाडी, आणि तेल कमीच होत नाही. साक्ष ऐकताना पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांचा चेहरा फुलला, शिवणकाम करणाऱ्या काकूंनी डोळे टिपले, बेकरीवाला तर लाजून लाल झाला. बाईंना वाटलं, विश्वास असा असावा. त्या दिवसापासून त्या देवाशी जरा बरोबरीच्या नात्याने बोलू लागल्या.

आणि एका भर सकाळी, रस्त्याच्या मधोमध, गाडीने आचका दिला. मागून निळ्या धुराचा लोट उठला. बाईंनी किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं कण्हलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव खाऊ लागल्या. बाई स्टिअरिंग धरून बसून राहिल्या. गाडीचं त्यांना काही वाटलं नाही. आता बाळ हसेल, आणि त्याची ती फट कायमची बुजून जाईल, हीच धास्ती त्यांना पडली. आयुष्यात पहिल्यांदा देवाला काय सांगावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी बाळला फोन लावला.

बाळ दोर घेऊन आला. हसलाही नाही, आणि ते बाईंना टोमण्यापेक्षा जास्त लागलं. गॅरेजमध्ये त्याने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

“ताई, यात किती तेल ओतलंस?”

“थेंबसुद्धा नाही.”

“मग दुसरं कोणीतरी ओततंय. इंजिन पोहतंय यात.”

त्याने समजावून सांगितलं. तेल गरजेपेक्षा जास्त झालं की आत घुसळून त्याचा फेस होतो, नको तिथे शिरतं, जळतं. मग खालचा नट सोडून त्याने घमेलं लावलं. घमेलं भरलं, दुसरं लावलं, तेही भरत आलं. बाळने बोट बुडवून वास घेतला आणि चमकून बाईंकडे बघितलं. तेलाला तळणीचा वास येत होता.

बाईंच्या डोळ्यांसमोर बेकरीवाल्याचा लाल झालेला चेहरा उभा राहिला. मग काकूंचे डोळे. मग पोस्टमनकाका. न लागणारं कुलूप सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनीच तर ते गंमत म्हणून सांगितलं होतं. त्या स्टुलावर बसल्या. चमत्कार गेला म्हणून वाईट वाटायला हवं होतं, पण तसं वाटेना. विधवेच्या बुधल्यातही कदाचित कोणी बेकरीवालाच येऊन ओतून जात असेल, आणि म्हणून देव त्यात नव्हता असं थोडंच आहे. देवाबद्दल बाई निर्धास्त होत्या. त्यांना चिंता होती ती समोर वाकून नट आवळणाऱ्या माणसाची.

इंजिन वाचलं होतं. धुऊन, मोजून तेल भरून रविवारी गाडी सभागृहाच्या अंगणात आणून लावतो, एवढंच बाळ म्हणाला. आत येण्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि बाईंनीही काढलं नाही.

रविवारी गाणं सुरू असताना बाईंच्या लक्षात आलं की आवाज विरळ होतोय. आधी पोस्टमनकाकांचा खर्ज गेला. मग काकूंची वरची पट्टी नाहीशी झाली. मग बेकरीवाल्याची जागा रिकामी दिसली. आज सकाळी सगळ्यांना खरं सांगायचं म्हणून बाई शब्द जुळवत बसल्या होत्या, आणि तेवढ्यात उशीर झाला होता. त्या दाराकडे धावल्या.

अंगणात गाडी उभी होती. बॉनेटचा खटका ओढायला काकांनी ड्रायव्हरचं दार उघडलं होतं, आणि आत बाळ बसला होता. काकांच्या कोटाखालून तेलाचा डबा डोकावत होता. त्यांच्या मागे बाटली पदराआड धरलेल्या काकू, आणि काकूंच्या मागे बेकरीवाला. तिघं एकमेकांकडे बघत होते आणि तिघांच्याही तोंडाला कुलूप लागलं होतं.

बाळ हसू लागला. स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे हलेपर्यंत हसला. बाईंनाही हसू आलं. मग बाळने डोकं वर केलं, तेव्हा तो हसत नव्हता.

“माझं गॅरेज पलीकडच्या गल्लीत आहे,” तो म्हणाला. “गाडीला तेल किती लागतं, हे विचारायला एकही जण आला नाही.”

तो काकांकडे वळला.

“ती आजारी होती तेव्हाही असंच. दार उघडलं की उंबऱ्यात डबा. माणूस जिन्यातून पळत सुटलेला. मला डबे नको होते, काका. कोणीतरी आत येऊन बसायला हवं होतं.”

काकांनी तेलाचा डबा जमिनीवर ठेवला. काकूंचा हात पदरातच राहिला. बाईंना आधी त्यांचा राग आला, आणि लगेच तो राग फिरून स्वतःवर आला. त्या तरी काय वेगळं करत होत्या? भावाला जे सांगायचं ते देवाला सांगितलं, मंडळीला सांगितलं, गाडीकडून वदवून घ्यायला निघाल्या. त्याच्या तोंडावर एक शब्द काढला नाही. जखम उघडी करून बघितल्याशिवाय पट्टी बांधू नये, हे रोज पेशंटच्या नातेवाइकांना बजावणारी ही बाई.

त्या गाडीला वळसा घालून गेल्या आणि बाळच्या शेजारच्या सीटवर बसल्या.

“बाळ, ही गाडी मी तुला परत आणायला घेतली. तुझ्याशी बोलायची हिंमत नव्हती म्हणून. ती गेल्यावर तिच्याबद्दल तुला एकदाही काही विचारलं नाही मी.”

“मी आत येणार नाही, ताई.”

“नको येऊस. मी इथे बसते.”

मागचं दार उघडलं. पोस्टमनकाका कण्हत आत शिरले, मग काकू, मग बेकरीवाला कसाबसा अंग चोरून. गाडी चांगलीच खाली दबली. सभागृहात गाणं संपलं होतं. पाळक दारापर्यंत आले, गाडीत कोंबलेली आपली मंडळी त्यांनी बघितली, आणि उपदेशाचा कागद घडी करून खिशात घालत ते खिडकीशी येऊन उभे राहिले.

मग काकांनी पुढे वाकून विचारलं, “शेवटी शेवटी ती काय म्हणायची रे?”

बाळने समोरच्या काचेकडे बघत घसा खाकरला. “शेवटी तिला प्रार्थना नको वाटायच्या,” तो म्हणाला. “म्हणायची, नुसतं बस माझ्याजवळ. मग मी बसायचो.”

तो सांगत राहिला. गाडीत कोणी डोळे मिटले नाहीत. सगळे त्याच्याकडे बघत होते.