नववा मुद्दा

सरकारी नोकरीत माणसाजवळ दोन खरी असतात. एक रजिस्टरमधलं आणि एक पोटातलं. श्यामसुंदर तळेकरांची ही दोन्ही खरी एकोणीस वर्षं एकाच छपराखाली गुण्यागोविंदानं नांदली. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात, वाशीच्या एका हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये, सतरा देशांच्या पाहुण्यांदेखत ती एकमेकांच्या अंगावर आली.

तळेकर हे रबाळ्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा अग्निशमन उपकेंद्राचे अधिकारी. दोन बंब, एक जीप, चौदा माणसं. मूळचे कणकवलीकडचे, राहायला कोपरखैरण्याला, निवृत्तीला सव्वा वर्ष बाकी. असा माणूस आंतरराष्ट्रीय समितीच्या बैठकीत कशाला, असं कुणी विचारलं असतं तर चूक नव्हतं. मेहुण्याचा टाय गळ्यात अडकवून बसलेल्या तळेकरांनाही सकाळपासून तोच प्रश्न पडला होता.

समिती होती अग्निसुरक्षेचे नियम ठरवणारी. दार किती रुंद असावं, ते कुठल्या बाजूला उघडावं, जिन्यात धूर किती वेळ अडावा, असले नियम ती साऱ्या जगासाठी लिहायची. या खेपेला पुढच्या दहा वर्षांचं धोरण ठरायचं होतं. अकरा मुद्दे आले होते. पैसा आणि माणसं होती सहांपुरती. म्हणजे पाच मुद्द्यांना नारळ मिळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यातला नववा मुद्दा तळेकरांचा. पन्नासाहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना बाहेर पडायचे दोन मोकळे रस्ते असलेच पाहिजेत, एवढाच. मोठ्या कारखान्यांना नियम होते, लहान गाळ्यांचा वाली कुणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी तळेकरांनी मुंबईच्या मानक कार्यालयातल्या वैजयंती सामंत नावाच्या इंजिनियर बाईंना चार पानी पत्र लिहिलं होतं. पोरवयाच्या त्या बाईंनी ते मनावर घेतलं, त्याचं इंग्रजी केलं आणि वरपर्यंत झुंजून थेट समितीच्या कागदावर चढवलं. म्हणून आजचा तो टाय.

पत्र लिहायला कारण झाली प्रेमला. पंचाण्णवच्या चैत्रात एका बोळातल्या गाळ्याला आग लागली. तिथं स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवत. फोमचे ढीग, रेक्झिनचे गठ्ठे आणि चिकटवायच्या सोल्युशनचे डबे. मागचं दार बाहेरून कुलूपबंद, का तर माल चोरीला जातो. आग नेमकी मागच्या कोपऱ्यात लागली, म्हणून बायका पुढच्या शटरखालून निसटल्या. पाटण तालुक्यातून आलेली ही प्रेमला ओल्या पोत्यानं आग बडवत मागे राहिली, धूर आणि बंद दार यांच्यामध्ये अडकली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेऊन शेवटी बाहेर आली. बंब पोचला तेव्हा हाताला ओलं फडकं गुंडाळून ती तळेकरांची वाट अडवून उभी होती.

"सायेब, किरकोळ लिवा," ती म्हणाली. "मोठी लिवलीसा तर गाळ्याला सील लागंल. आमी बावीस जनी हाय. खायाचं काय?"

तळेकरांनी किरकोळ लिहिलं. पहिल्यांदा नव्हे. किरकोळ आगीला चौकशी नसते, पंचनामा नसतो, रजिस्टरचे पुढचे सात रकाने भरावे लागत नाहीत. गाळा दुसऱ्या दिवशी सुरू. एकोणीस वर्षं तळेकर असंच लिहीत आले, कुणाकडून चहासुद्धा न घेता, निव्वळ दयेपोटी. आणि त्याच संध्याकाळी घरी जाऊन, जीव जळला म्हणून, त्यांनी ते चार पानी पत्र लिहिलं. पत्र खरं सांगायला होतं, रजिस्टर चूल पेटती ठेवायला. या दोघांची कधी गाठ पडेल, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

गाठ पडली सकाळी साडेअकराला. अध्यक्ष लार्सन हे नॉर्वेचे, उंच, मऊ आवाजाचे गृहस्थ. त्यांनी नववा मुद्दा पुकारला आणि वैजयंतीनं प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवला. समितीच्या नियमाप्रमाणे जूनमध्ये तिनं उपकेंद्राकडून आकडे मागवले होते, आणि येतील तसे मांडणं तिला भाग होतं. कारकुनानं रजिस्टरवरून उतरवले, तळेकरांनी सही ठोकली, कागद गेला. आता ते आकडे भिंतीवर हातभर मोठे होऊन उभे राहिले. शेवटचा रकाना होता, बाहेर पडायचा रस्ता बंद असल्यामुळे अडकलेल्या माणसांचा. त्यात एक भलंमोठं शून्य होतं.

तळेकरांनी रिकामे सोडलेले सगळे रकाने तिथं बेरीज होऊन बसले होते.

"सोळाशे लहान कारखाने," लार्सन कौतुकानं म्हणाले, "एकोणीस वर्षं, आणि एकही माणूस अडकला नाही? मग यांना आपण काय शिकवणार? आपणच यांच्याकडून शिकायला हवं." त्यांनी आकड्यांखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उभं राहायची विनंती केली. सतरा देशांनी टाळ्या वाजवल्या.

आणि तळेकर उभे राहिले. भीतीनं बोलले नाहीत इथवर मी समजू शकतो. पण ते उभे राहिले आणि त्यांनी मान लववली. टाळ्या थांबेपर्यंत मसुद्यात लिहून झालं होतं: नववा मुद्दा, स्थानिक व्यवस्था पुरेशी, दोन हजार सात साली फेरविचार. ठराव चार वाजता वाचून पक्का व्हायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वैजयंतीला खांबाआड गाठलं. "मॅडम, ते शून्य खोटं आहे."

"म्हणजे?"

त्यांनी किरकोळचा सगळा कारभार सांगितला. तिनं हातातली प्लेट खाली ठेवली. "अशा किती आगी, तळेकर साहेब?"

"मोजल्या नाहीत. शंभराच्या वर असतील."

"आणि मी त्या शून्याचा चार्ट करून लावला." ती रागावलीय की रडतेय ते कळेना. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "चारच्या आत सहीनिशी लिहून द्या, आकडा चुकीचा आहे म्हणून. मी मुद्दा परत उघडते. पण नुसतं तुमचं लिहिणं पुरणार नाही. अडकलेलं एक तरी माणूस समोर आणा. आणि साहेब… तुमच्या पेन्शनवर येईल हे. आधीच सांगते."

"येऊ दे," तळेकर म्हणाले. आणि प्रेमलाला आणायला ते जीपमध्ये बसले.

अडीचच्या सुमाराला जीप प्रेमलाच्या बोळाशी थांबली आणि तळेकर उतरून जागच्या जागी उभे राहिले. बोळातली सगळी शटरं खाली होती. प्रत्येक शटरला बाहेरून कुलूप. चिटपाखरू नाही, टेंपो नाही, हातगाडी नाही. बुधवारचा, भर कामाचा दिवस. संप झाला की काय, असं त्यांना वाटलं. मग त्यांच्या कानावर घरघर आली. एका शटरामागून, मग दुसऱ्या, मग समोरच्या. शिलाई यंत्रं चालू होती. त्यांनी जवळच्या शटरवर तळवा टेकला तर पत्रा थरथरत होता.

सगळा बोळ आतून चालू होता आणि बाहेरून बंद होता.

प्रेमलाच्या गाळ्याशी जाऊन त्यांनी शटर वाजवलं. यंत्रं एकदम थांबली. आत कुणी श्वासही घेत नसावं. बऱ्याच वेळानं शटरच्या फटीतून आवाज आला, "कोन हाय? पावनं गेलं का?"

"प्रेमला, मी तळेकर. आत किती जण आहात?"

"समद्या हाय की सायेब. बावीस."

"आणि कुलूप कुणी लावलं? पुढचंही?"

"शेटनी. आज फॉरेनची मान्सं तपासनीला याची हायती म्हनं. बाहेरनं कुलूप दिसलं म्हंजी कोन आत शिरत न्हाय." आणि मग, त्यांना बरं वाटावं म्हणून जणू, ती म्हणाली, "तुमच्याच हापिसातनं फोन आल्ता न्हवं."

आला होता. तपासणी असली की आधी गाळेवाल्यांना फोन करायचा, ही पद्धत तळेकरांनीच पाडलेली. निदान त्या दिवशी तरी वाळूच्या बादल्या भराव्यात, वाटेतले गठ्ठे हलवावेत, एवढाच हेतू. सोमवारी त्यांनी ऑपरेटरला सवयीनं सांगितलं होतं, बुधवारी वाशीला बाहेरचे पाहुणे आहेत, सगळ्यांना जरा सांभाळून राहायला सांग. सगळे सांभाळून राहिले होते. त्यांनी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत कुलुपं मोजली. एकतीस भरली. आत सोल्युशनचे डबे किती असतील, हा हिशोब त्यांनी मनात सुरू केला आणि सोडून दिला.

किल्ल्यांचा जुडगा धनाजीकडे होता. सगळ्या बोळाचा तो मुकादम, नाक्यावरच्या टपरीत भजी खात बसलेला.

"सायेब, टेन्शन घेऊ नगा," तो उठत म्हणाला. "एकदम टाइट बंदोबस्त केलाय. तुमचं नाव खराब हुनार न्हाय."

"उघड. सगळी उघड. आत्ताच्या आत्ता."

"आन् पावनं आलं तर?"

"पाहुणे येत नाहीत. माझा शब्द आहे." त्यांचा आवाज इतका चढला की टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला. धनाजीनं हात पुसले आणि जुडगा उचलला.

शटर वर गेलं तसा सोल्युशनचा उग्र वास तोंडावर आला. बायका डोळे चोळत, खोकत पायरीवर येऊन बसल्या. मागचं दार तसंच कुलूपबंद होतं आणि आता त्याच्यापुढे फोमची थप्पी छतापर्यंत लागली होती. तळेकरांनी प्रेमलाला बाजूला बोलावलं. तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

"माझ्याबरोबर वाशीला चल. आग लागली तेव्हा मागचं दार बंद होतं, अडकले होते, एवढंच सांगायचं. मी जीपनं परत आणून सोडतो."

"मी कुटं अडाकल्ते सायेब?" ती हळूच म्हणाली. "तुमीच लिवलंसा न्हवं, किरकोळ."

"ते चुकलं माझं."

"चुकलं कसं? दोन वरसं पगार मिळतुया. पोरगी साळंत जातीया. लई उपकार हायती तुमचे." ती मनापासून बोलत होती, त्यामुळे तळेकरांना ते ऐकवेना.

"अगं, एखाद्या दिवशी पुढच्या बाजूला आग लागली तर? कुठून बाहेर पडशील?"

प्रेमलानं आत, थप्पीकडे बघितलं. "ते देवाला ठावं," म्हणाली, आणि मुकादमाची हाक यायच्या आधी यंत्रावर जाऊन बसली.

तळेकरांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. शून्य खोटं आहे. शंभराहून जास्त आगी मी किरकोळ नोंदवल्या. आज दुपारी अडीच वाजता एका बोळात एकतीस गाळे माणसांसकट बाहेरून कुलूपबंद होते, आणि ते माझ्या निरोपामुळे होते. खाली नाव, हुद्दा, सही.

चारला दहा कमी असताना वैजयंतीनं तो कागद इंग्रजीत वाचून दाखवला. लार्सननी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता तो. आमच्या गोष्टीत वाईट कुणीच नाही, तेच तर दुखणं आहे.

"या बंद दारांमुळे," त्यांनी हळुवारपणे विचारलं, "आजवर किती माणसं मेली?"

तळेकर तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मेलं कोणी नाही, साहेब. अजून."

"जखमी?"

"एक बाई. ती सांगायला येत नाही."

लार्सननी मान हलवली आणि समजावून सांगितलं. पहिल्या मुद्द्यामागे चारशे मृत्यू आहेत, तिसऱ्यामागे दोनशे साठ. जागा सहाच. इथल्या लोकांचा धोका त्यांना दिसतोय, पण समितीला पुरावा लागतो. त्यांनी हात वर करायला सांगितलं. सतरांपैकी चौदा हात वर गेले. "स्थानिक व्यवस्था पुरेशी" हे शब्द तेवढे खोडले गेले. दोन हजार सात तसंच राहिलं. पुढच्या दहा वर्षांचं धोरण ठरलं होतं, आणि नवव्या मुद्द्यापुरतं ते एवढंच होतं, की कुणीतरी मरेपर्यंत थांबायचं.

बैठक उठल्यावर लार्सन मुद्दाम जवळ आले. तळेकरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, असं धाडस त्यांनी फार थोड्या अधिकाऱ्यांत पाहिलंय. समितीचा दुर्घटना-फॉर्म या उपकेंद्राला देऊन ठेवावा, असं त्यांनी वैजयंतीला सांगितलं. काही घडलंच तर त्याच दिवशी फॅक्स करा, मुद्दा ताबडतोब उघडू, असा शब्दही दिला. मग ते चहाकडे गेले.

वैजयंतीनं फाइलमधून फॉर्म काढून दिला. तळेकरांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, नेहमीच्या सवयीनं. तारीख. पत्ता. दाराची रुंदी. त्याखाली मृतांची नावं, आणि त्यासाठी आखलेल्या ओळी. त्यांनी बोट टेकवत त्या मोजल्या.

"मॅडम, या वीसच आहेत," ते म्हणाले. "प्रेमलाच्या एकट्या गाळ्यात बावीस जणी आहेत."

वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग गठ्ठ्यातून तिनं आणखी एक फॉर्म काढला आणि पहिल्याला टाचून दिला.