जिभेखालची गोळी

“दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता का, काका?” परिचारिका दारिनने विचारले.

मेंगकाकांनी छातीवरची मूठ न सोडता आधी बायकोकडे पाहिले, मग मान हलवली. नाही.

दारिनने गोळी तळहातावर घेतली. डॉक्टरांनी फोनवर तीच सांगितली होती, जिभेखाली ठेवायची. रक्तदाब ठीक होता.

म्योंगसुक पलीकडच्या खाटेशी उभी होती. तोंगयोंग बंदरातल्या इस्पितळाच्या या वॉर्डात तिची सव्वीस वर्षे गेली होती. दारिनला येऊन दोन झाली, आणि येत्या वसंतात वॉर्डची प्रमुख परिचारिका दारिनच होणार होती. रुग्णसुद्धा सुई टोचायला दारिनलाच बोलवा म्हणायचे. म्योंगसुकच्या पोटात त्या नावानेच दुखे.

काकांची ती मान तिने ओळखली. समुद्रात कालवांच्या शिंपल्यांची शेती करणारा अडुसष्ट वर्षांचा गडी, गेल्या थंडीत दुसरे लग्न केलेला. असे पुरुष कुठली गोळी बायकोपासून लपवतात, हे तिला ठाऊक होते. त्या गोळीवर ही गोळी पडली, तर रक्तदाब कोसळतो.

पडू दे, तिच्या मनात आले. दिसू दे सगळ्यांना हिची हुशारी.

एक श्वास गेला. दुसराही गेला. काकांनी तोंड उघडले.

म्योंगसुकने पुढे होऊन दारिनचे मनगट धरले. बायकोला नोंदणीचे कागद आणायला खाली पाठवले आणि काकांच्या कानाशी वाकली.

“पुरुषांची ती ताकदीची गोळी घेतलीत ना? कधी?”

“काल रात्री,” काका पुटपुटले. “हिला सांगू नका, बाई.”

तिने डॉक्टरांना कळवले. मग जिभेखालची गोळी रद्द झाली. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, शिरेतून थोडे थोडे मॉर्फिन दिले, आणि काकांना हृदयाची नळी उघडायला नेले.

चौथ्या दिवशी बायको कालवांचा डबा घेऊन आली. दारिनपुढे कमरेत वाकून म्हणाली, “तुमच्यामुळं हे वाचले.”

काका भिंतीकडे पाहत होते. दारिनचा चेहरा उतरला.

“अहो, मी नाही, खरं तर म्योंगसुकताईंनी—”

दारिनने पुढे सांगितले असते, तर का आणि कसे, तेही सांगावे लागले असते, आणि काकांची ती गोळी बायकोला कळली असती.

“घे गं तो डबा,” म्योंगसुक म्हणाली. “धावपळ तूच केलीस.”

आवाज तिला हवा तेवढा गोड निघाला नाही. ती पुढच्या खाटेकडे वळली. म्हातारीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून फुगवला, हवा सोडली. मग पुन्हा फुगवावा लागला. पहिल्या वेळी तिने ठोके ऐकलेच नव्हते.